आयात पॉलिएस्टर फिल्मवर अँटी-डंपिंग तपास सुरू झाला, तर कन्व्हर्टरने काय करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईला फिल्मपासून लॅमिनेट आणि पाउच बनवणारा कारखाना, म्हणजे कन्व्हर्टर, आहे. १२ मायक्रॉनची साधी पॉलिएस्टर फिल्म, थोडी मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ थर दिलेली फिल्म आणि अधूनमधून एखादी खास ग्रेड चीन व थायलंडहून येते. अशा फिल्मवर भारतात अँटी-डंपिंग तपास, म्हणजे परदेशी माल घरच्या किमतीपेक्षा स्वस्तात इथे विकून देशी उत्पादकांची हानी होते का याचा तपास, सुरू झाला, तर वापरणाऱ्याने काय करायचे, ड्युटी साधारण किती बसते, आणि शेवटी अर्थ मंत्रालयात निवेदन देऊन ती टळते का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेक कन्व्हर्टर तिथेच फसतात. निवेदनाची वेळ येते तोवर फार थोडे हातात उरलेले असते. या प्रकरणांचा निकाल रेकॉर्डवर काय आहे यावर लागतो, आणि रेकॉर्डचा पाया पहिल्या महिना-सव्वा महिन्यात पडतो. तपासाखालचा माल नेमका कोणता, त्याचे प्रकार कसे पाडायचे, तुमच्या पुरवठादार मिलने तपास यंत्रणेची प्रश्नावली भरली की नाही, या तीन गोष्टी तेव्हा ठरून जातात. पुढचे वर्षभर चालते ती त्यावरची आकडेमोड.

तपास करणारी यंत्रणा म्हणजे वाणिज्य विभागाचे व्यापार उपाय महासंचालनालय, सगळे डीजीटीआर म्हणतात ते. २०१८ पूर्वी त्याचे नाव वेगळे होते, म्हणून जुन्या अधिसूचनांत डीजीएडी दिसते. कायदा म्हणजे सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ चे कलम ९अ आणि त्याखालचे १९९५ चे नियम. डीजीटीआर फक्त शिफारस करते. ड्युटी लावते ते अर्थ मंत्रालय, आणि वसूल करते ते कस्टम्स. ही तीन दारे वेगळी आहेत, आणि पहिल्या दाराशी मांडायचा मुद्दा तिसऱ्या दाराशी मांडून काही होत नाही.

तपास सुरू झाल्याची अधिसूचना राजपत्रात येते. ती हातात आली की सगळ्यात आधी मालाची व्याख्या वाचा, एकेक शब्द. तिथे एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्काचे वर्गीकरण क्रमांक, दिलेले असतात. पॉलिएस्टर फिल्मसाठी बहुधा ३९२० ६२ खालचे. पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी जवळजवळ नेहमी एक वाक्य असते की कोड केवळ निर्देशक आहेत, व्याप्तीवर बंधनकारक नाहीत. याचा अर्थ तुमचा माल ३९२१ मध्ये उतरत असला तरी वर्णनात बसला तर तो आत आहे. कोड वेगळा म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांना हा धक्का पहिल्या बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयात विवरणपत्राच्या, वेळी बसतो.

व्याख्येतला एखादा उपवाक्यांश किती वजनदार असतो हे अमेरिकेच्या उदाहरणावरून दिसते. भारत आणि तैवानच्या पॉलिएस्टर फिल्मवर अमेरिकेने जुलै २००२ मध्ये अँटी-डंपिंग आदेश काढले. त्यांच्या व्याख्येत कच्ची, प्रीट्रीटेड आणि प्राइम केलेली फिल्म आत आहे. मेटलाइज्ड फिल्म बाहेर आहे, आणि ०.००००१ इंचाहून जाड कामगिरी वाढवणारा थर एका तरी पृष्ठभागावर दिलेली तयार फिल्मही बाहेर आहे. हा आकडा मायक्रॉनमध्ये केला तर सुमारे पाव मायक्रॉन होतो. म्हणजे त्याच १२ मायक्रॉनच्या रोलवर ड्युटी बसणार की नाही, हे पाव मायक्रॉनच्या कोटिंगवर ठरते. भारतीय मिलांनी हा धडा निर्यातदार म्हणून शिकला. वापरकर्त्यांनी आयातदार म्हणून शिकायला हवा.

व्याप्ती आणि प्रकारांची विभागणी, म्हणजे पीसीएन, यांवर हरकत घ्यायला साधारण १५ दिवस मिळतात. पीसीएन म्हणजे प्रत्येक प्रकाराला दिलेला एक सांकेतिक क्रमांक, ज्यानुसार खर्च आणि किंमत यांची तुलना होते. तो पाडला नाही तर १२ मायक्रॉनची साधी फिल्म आणि ५० मायक्रॉनची पांढरी अपारदर्शक फिल्म एकाच सरासरीत जातात. आयातीत स्वस्त प्रकार जास्त आणि देशी उत्पादनात महाग प्रकार जास्त असतील, तर नुसत्या या मिश्रणामुळे डंपिंग आणि हानी दोन्ही फुगतात. पॉलिएस्टर फिल्मसाठी माझ्या मते चार निकष पुरेसे आहेत: जाडीचे टप्पे, दिसणे, म्हणजे पारदर्शक, मॅट, दुधी, पांढरी, पृष्ठभाग, म्हणजे अनट्रीटेड, कोरोना, केमिकल ट्रीटेड, हीट सीलेबल, कोटेड, आणि मेटलाइज्ड आहे की नाही. रुंदी आणि कोअरचा व्यास यांत घालू नका. त्याने क्रमांक शेकडो होतात आणि शेवटी सगळी विभागणीच फेटाळली जाते.

वगळणूक मागायची असेल तर तीही आत्ताच. निकष एकच आहे: देशी उद्योगाने, म्हणजे भारतीय फिल्म उत्पादकांनी, तो माल, किंवा त्याची जागा घेऊ शकेल असा माल, व्यापारी प्रमाणात बनवून विकला आहे का. ‘आम्हाला आयात माल जास्त पसंत आहे’ किंवा ‘मशीनवर तो चांगला चालतो’ याला किंमत नाही. किंमत आहे ती नकाराच्या ई-मेलला, चाचणीत नापास झालेल्या देशी रोलच्या अहवालाला, चौकशी पाठवून उत्तर न आल्याच्या तारखांना, आणि दोन्ही तांत्रिक तक्त्यांच्या शेजारी-शेजारी तुलनेला. दुसऱ्या बाजूने, देशी मिलने क्षमता आहे एवढे सांगून भागत नाही. तपास काळातली विक्रीची बिले दाखवावी लागतात, आणि तुम्ही ती मागू शकता.

वगळणुकीचे शब्द मात्र असे लिहा की न्हावा शेवाच्या शेडमधला अधिकारी ते मोजू शकेल. ‘औषध पॅकेजिंगसाठी वापरली जाणारी उच्च दर्जाची फिल्म’ असे लिहिले तर प्रत्येक खेपेला वाद होणार, कारण बंदरावर वापर दिसत नाही. जाडी मायक्रॉनमध्ये, ऑप्टिकल डेन्सिटी, ऑक्सिजन पारगम्यतेची कमाल मर्यादा आणि ती कोणत्या तापमान-आर्द्रतेला मोजली, संकोचन टक्केवारी, हे मोजता येते. जाडीची सीमा ठेवताना सहिष्णुता लिहायला विसरू नका. फिल्ममध्ये जाडी चार-पाच टक्के इकडेतिकडे होते. ‘१२ मायक्रॉन व त्याहून जास्त’ अशी सीमा असेल आणि रोल ११.६ भरला, तर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि कंटेनरवर डिटेन्शन, म्हणजे तो अडकून राहिल्याचे भाडे, चढत राहते.

ग्लायकॉल घातलेली श्रिंक फिल्म, अतिपातळ कपॅसिटर ग्रेड, विद्युतरोधक जाड फिल्म, रिलीज लायनर, खिडक्यांची सनकंट्रोल फिल्म, होलोग्राफिक फिल्म, यांतले काय आत राहते आणि काय बाहेर जाते हे प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरते. आधीच्या प्रकरणात बाहेर होते म्हणून याही वेळी आपोआप बाहेर राहील असे धरू नका.

आता तुमच्या मिलबद्दल. वापरकर्त्याच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. निर्यातदाराने सहकार्य केले तर त्याला त्याच्या आकड्यांवर स्वतंत्र दर मिळतो. नाही केले तर उपलब्ध माहितीवर, म्हणजे बहुधा प्रतिकूल माहितीवर, ‘इतर सर्व’ हा रकाना त्याला लागतो. हा रकाना टनामागे शंभर-दोनशे डॉलरने वर असणे नेहमीचे आहे. प्रश्नावलीसाठी ३० दिवस. सूचना एका आठवड्यात पोचली असे गृहीत धरतात म्हणून व्यवहारात ३७. मुदतवाढ मागता येते, पण कारण द्यावे लागते आणि ती मिळेलच असे नाही.

पहिल्याच दिवशी पुरवठादाराला ई-मेल करा आणि तीन गोष्टी विचारा. तुम्ही उत्तर भरणार का? माल आमच्याकडे हाँगकाँग, सिंगापूर किंवा दुबईच्या ज्या व्यापाऱ्यामार्फत येतो, तो भरणार का? बिलावर ज्याचे नाव आहे आणि ज्याने फिल्म प्रत्यक्ष बनवली तो एकच आहे का? साखळीतला मोठा हिस्सा गैरहजर असेल तर मिलने कितीही मेहनतीने उत्तर भरले तरी तिचा स्वतंत्र दर नाकारला जाऊ शकतो, कारण भारतात पोचलेली खरी किंमत आणि मधले कमिशन तपासायला कुणी हजर नसते.

मिलच्या उत्तरात काय बिघडते, याचीही कल्पना असू द्या. देशांतर्गत विक्री पीसीएनवार दिलेली नसते. खर्चाचा तक्ता लेखापरीक्षित ताळेबंदाशी जुळत नाही. स्थानिक भाषेतल्या कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडलेले नसते. आणि सगळ्यात जास्त वेळा, गोपनीय नसलेली आवृत्ती फक्त काळ्या पट्ट्यांची असते. नियम ७ खाली माहिती गोपनीय ठेवता येते, पण तिचा अर्थपूर्ण सारांश द्यावा लागतो. आकडे निर्देशांकात द्यायचे, पहिल्या वर्षाला १०० धरून. ‘गोपनीय’ एवढाच शिक्का मारला तर डीजीटीआर ती माहिती बाजूला ठेवू शकते. हेच हत्यार तुम्हीही वापरू शकता: देशी उद्योगाच्या अर्जाची सार्वजनिक आवृत्ती वाचा, आणि जिथे निर्देशांकही दिलेला नाही तिथे लेखी हरकत घ्या.

चीनचा मामला वेगळा आहे. तिथला उत्पादक बाजारव्यवस्थेच्या अटींवर चालतो हे सिद्ध करणारी पूरक प्रश्नावली फार थोड्या कंपन्या भरतात. ती नसली की सामान्य मूल्य, म्हणजे त्यांच्या घरच्या बाजारातली किंमत, त्यांच्या पुस्तकांवरून घेतच नाहीत. देशी उद्योगाचा सुधारित उत्पादन खर्च, त्यावर विक्री-प्रशासन खर्च आणि साधारण ५ टक्के नफा, असे ते भारतातच बांधले जाते. त्यामुळे चिनी मालावर डंपिंग मार्जिन मोठे निघणे जवळजवळ ठरलेले असते. पण ड्युटीही तेवढीच मोठी निघेल असे नाही, आणि ते का, हे पुढच्या हिशेबात दिसेल.

भारतात कमी ड्युटीचा नियम आहे: डंपिंग मार्जिन आणि हानी मार्जिन यांतले जे कमी, तेवढीच शिफारस. डंपिंग मार्जिन म्हणजे सामान्य मूल्य वजा निर्यात किंमत, दोन्ही कारखान्याच्या दारातली. हानी मार्जिन म्हणजे देशी उद्योगाची हानिरहित किंमत, एनआयपी, वजा आयात मालाची लँडेड किंमत, म्हणजे मूळ सीमाशुल्क धरून इथे पोचलेली किंमत. एनआयपी काढताना कच्चा माल, वीज आणि क्षमता यांचा गेल्या चार वर्षांतला सर्वोत्तम वापर धरतात, आणि गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा देतात. हे २२ टक्के व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचे आहेत, तरी भरपूर आहेत, आणि मोठी नवी लाइन टाकलेल्या उद्योगाच्या बाबतीत एनआयपी त्यामुळेच वर जाते.

निव्वळ समजण्यासाठी घेतलेले आकडे मांडतो. सामान्य मूल्य टनाला १,४५० डॉलर. भाडे, विमा, बंदर खर्च, बँक, उधारी वजा जाता निर्यात किंमत १,२५० डॉलर. मार्जिन २०० डॉलर, म्हणजे १६ टक्के. न्हावा शेवाला सीआयएफ, म्हणजे भाडे आणि विमा धरून किंमत, १,३२०. मूळ सीमाशुल्क १० टक्के आणि त्यावरचा समाजकल्याण अधिभार धरून ११ टक्के, म्हणजे १४५. लँडेड किंमत १,४६५. एनआयपी १,५६० असेल तर हानी मार्जिन ९५. ड्युटी ९५ डॉलर. मार्जिन २०० असले तरी.

आता तोच माल त्याच सीआयएफला मुक्त व्यापार कराराखाली शून्य शुल्काने आला असे धरा. लँडेड किंमत १,३२० राहते, हानी मार्जिन २४० होते, आणि कमी असलेले डंपिंग मार्जिन २०० लागू होते. कराराने वाचवलेल्या १४५ डॉलरपैकी १०५ असे परत जातात. करारातील सवलत मूळ शुल्कावर असते, अँटी-डंपिंग ड्युटीवर नसते. कराराच्या देशातून आणतो म्हणून आपल्याला लागणार नाही, ही समजूत आधी काढून टाका.

मार्जिन २ टक्क्यांहून कमी निघाले तर त्या निर्यातदाराविरुद्ध तपास बंद होतो. एखाद्या देशाचा वाटा एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहून कमी असेल तर तो देश सुटतो, अशा सगळ्या छोट्या देशांचा मिळून वाटा ७ टक्क्यांहून जास्त नसेल तर.

हा आकडा तुमच्या लॅमिनेटवर कसा उतरतो ते स्वतः काढा, कारण वापरकर्त्यांनी भरायच्या आर्थिक हित प्रश्नावलीत डीजीटीआर हेच विचारते आणि बहुतेक उत्तरे ‘व्यवसाय उद्ध्वस्त होईल’ एवढ्यावर थांबतात. पॉलिएस्टरची घनता १.४. १२ मायक्रॉनची फिल्म चौरस मीटरला १६.८ ग्रॅम भरते. १२ मायक्रॉन पॉलिएस्टर आणि ६० मायक्रॉन पॉलिथिन अशा लॅमिनेटमध्ये पॉलिथिन ५५.२ ग्रॅम, शाई आणि ॲडहेसिव्ह मिळून साडेचार धरले तर एकूण ७६.५. पॉलिएस्टरचा वाटा २२ टक्के. डॉलर ८५ रुपये धरून ९५ डॉलर म्हणजे किलोला ८ रुपये ८ पैसे. लॅमिनेटवर किलोला सुमारे १ रुपया ७७ पैसे. ५ ग्रॅमच्या पाउचवर एक पैशाहूनही कमी.

असा आकडा देऊन ग्राहकहिताचा डोंगर उभा करता येत नाही. देशी उद्योग नेमका हाच हिशेब मांडून परिणाम नगण्य असल्याचे दाखवतो. पण १२ पॉलिएस्टर, १२ मेटलाइज्ड पॉलिएस्टर आणि ३० मायक्रॉन पॉलिथिन हा तीन थरांचा माल घ्या. एकूण ६६ ग्रॅमच्या आसपास, त्यात पॉलिएस्टर ३३.६, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. इथे तीच ड्युटी किलोला चार रुपयांच्या पुढे जाते, आणि ज्या कन्व्हर्टरचा ब्रँडशी दर वर्षभरासाठी बांधलेला आहे त्याच्या नफ्यात ती थेट दिसते. तुमच्या विक्रीत कोणत्या रचनेचा वाटा किती, करार किती महिन्यांचे, दरवाढीचे कलम कशाशी जोडलेले, हे लिहा. आयात कमी करत असाल तरी देशी फिल्मची किंमतही ड्युटीमागोमाग वर सरकते, म्हणून परिणाम सगळ्या खरेदीवर मोजा. यात वाया जाणारा ट्रिम, म्हणजे कडेची कात्रण, आणि मेकरेडीचा, म्हणजे मशीन जुळवताना जाणारा, माल धरायचा, नाहीतर आकडा पाच-सहा टक्क्यांनी कमी येतो.

हानी आणि कारण यांवरचा वाद फिल्मच्या बाबतीत फार श्रीमंत आहे, आणि तिथे वापरकर्त्याकडे देशी उद्योगाइतकीच माहिती असते. पॉलिएस्टर फिल्मची किंमत टेरेफ्थॅलिक ॲसिड आणि ग्लायकॉल या कच्च्या मालांच्या मागे चालते. कच्चा माल पडत असताना किंमत पडणे याला दडपण म्हणता येत नाही. फिल्म आणि कच्चा माल यांच्या किमतींमधला फरक पाहावा लागतो. दुसरे, क्षमता. आठ-दहा मीटर रुंदीची एक नवी लाइन चालू झाली की बाजारात एकदम वर्षाला हजारो टन माल येतो, आणि २०२२ नंतर भारतात अशा लाइन लागोपाठ आल्या. नफा आटण्याचा किती भाग आयातीमुळे आणि किती आपसातल्या स्पर्धेमुळे, हा प्रश्न डीजीटीआरला नियमानेच तपासावा लागतो. मागणीतली वाढ, क्षमतेतली वाढ आणि आयातीतली वाढ हे तीन आकडे एकाच तक्त्यात मांडून विचारा.

तिसरा मुद्दा बारीक आहे, पण अनेक प्रकरणांत तो सुटतो. आयातीचा दर सौदा होतो त्या दिवशी ठरतो, आणि माल बंदरात महिना-दीड महिन्याने उतरतो. घसरत्या बाजारात मार्चमध्ये उतरलेल्या मालाची किंमत जानेवारीच्या चढ्या पातळीची असते, वाढत्या बाजारात जानेवारीच्या खालच्या पातळीची. उतरण्याच्या महिन्यातल्या देशी दराशी तुलना केली, तर वाढत्या बाजारात जिथे किंमत कापलेली नाही तिथेही कापलेली दिसते. सौद्याच्या तारखा, परचेस ऑर्डर आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, जोडून महिनावार तुलना मागा. घसरणीत हाच युक्तिवाद तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो, म्हणून आधी स्वतःचे आकडे मांडून पाहा.

चौथे, देशी उद्योग म्हणजे कोण? अर्जदारांचा वाटा एकूण देशी उत्पादनाच्या २५ टक्क्यांहून कमी असून चालत नाही, आणि मत दिलेल्यांमध्ये पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन विरोध करणाऱ्यांपेक्षा जास्त हवे. जो उत्पादक स्वतः तो माल आयात करतो किंवा निर्यातदाराशी संबंधित आहे, त्याला डीजीटीआर बाहेर ठेवू शकते. फिल्मच्या धंद्यात हे महत्त्वाचे आहे, कारण भारतीय गटांचे कारखाने बाहेरही आहेत: पॉलिप्लेक्सचा थायलंडमध्ये, यूफ्लेक्सचे दुबई आणि इजिप्तमध्ये. जेबीएफ या भारतीय गटाच्या संयुक्त अरब अमिरातीतल्या कारखान्याच्या फिल्मला अमेरिकेच्या नोव्हेंबर २००८ च्या आदेशाला तोंड द्यावे लागले, हेही याच रचनेचे फळ. थायलंड तपासात असेल तर अर्जदारांतले कुणाचे तिथे नाते आहे हे तपासणे तुमचे काम आहे. नाते आहे म्हणून आपोआप अपात्र ठरत नाहीत. त्या नात्यामुळे त्यांचे वागणे बदलले का, हे पाहिले जाते.

तोंडी सुनावणीत काय बोललात ते महत्त्वाचे नाही. नंतर दिलेल्या मुदतीत ते लेखी गेले नाही तर ते बोललेच नाही असे समजतात. त्यानंतर प्रत्युत्तर, पडताळणी, आणि मग प्रकटन निवेदन, ज्यात निष्कर्षाचा आधार असलेली तथ्ये मांडलेली असतात. त्यावर उत्तर द्यायला मोजके दिवस मिळतात. तिथे नवे मुद्दे घेत नाहीत. आधी मांडलेल्या मुद्द्याला उत्तर दिलेले नाही, आकडा चुकला, एवढेच. अंतिम निष्कर्ष तपास सुरू झाल्यापासून एका वर्षात, फार तर आणखी सहा महिने. त्याआधी तात्पुरती ड्युटी येऊ शकते, पण पहिल्या ६० दिवसांत नाही.

निष्कर्षानंतर अर्थ मंत्रालयाकडे तीन महिने असतात. शिफारस होऊनही ड्युटी लागली नाही अशी उदाहरणे २०२० नंतर बरीच आहेत, आणि त्यावरून न्यायाधिकरणात आणि उच्च न्यायालयांत खटले झाले. निवेदनाचा थोडाबहुत उपयोग होतो तो या तीन महिन्यांत. त्यातही जे आर्थिक हित प्रश्नावलीत आकड्यांनिशी नोंदवलेले आहे त्यालाच वजन असते.

ड्युटी लागली की अधिसूचनेतला तक्ता हा तुमचा रोजचा कागद होतो. रकाने असे: माल, उगमाचा देश, निर्यातीचा देश, उत्पादक, डॉलर प्रति टन. उत्पादकाचे नाव बिलावर, पॅकिंग लिस्टवर आणि मिलच्या चाचणी प्रमाणपत्रावर तक्त्यातल्या स्पेलिंगप्रमाणे हवे. ‘कं. लि.’ आणि ‘ग्रुप कं. लि.’ या दोन वेगळ्या कंपन्या असतात, आणि कस्टम्स दुसरीला ‘इतर सर्व’ लावते. दर लागू होतो तो सर्वसाधारणपणे बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवशीचा. आगाऊ भरले असेल तर जहाजाच्या एंट्री इनवर्डचा, म्हणजे बंदरात प्रवेशाची नोंद होते त्या दिवशीचा. बॉन्डमधला, म्हणजे शुल्क न भरता गोदामात ठेवलेला, माल बाहेर काढायला बिल ऑफ एंट्री दिली त्या दिवशीचा दर. माल समुद्रात होता, पैसे आधीच दिले होते, याला सूट नाही. म्हणून निष्कर्षाच्या सुमाराला नव्या ऑर्डरमध्ये ड्युटी कोणी सोसायची याचे कलम लिहून घ्या.

या ड्युटीवर समाजकल्याण अधिभार लागत नाही, पण आयजीएसटी काढताना ती मूल्यात मिळवली जाते. आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, अँटी-डंपिंग ड्युटीचे मिळत नाही. ती निव्वळ खर्च. लॅमिनेट किंवा पाउच निर्यात करत असाल तर ॲडव्हान्स ऑथोरायझेशनखाली, म्हणजे निर्यातीसाठी शुल्कमुक्त कच्चा माल आणण्याच्या परवान्याखाली, आणलेल्या फिल्मवर ती माफ असते. निर्यात बंधन पूर्ण करायचे आणि वापराचे प्रमाण ग्रॅमेजनिशी जुळवून ठेवायचे. शंभर टक्के निर्यात युनिट आणि सेझ यांनाही साधारणपणे लागत नाही, पण माल देशी बाजारात काढला की लागते.

तिसऱ्या देशातून वळवून आणण्याचे प्रस्ताव याच काळात व्यापाऱ्यांकडून येतात. ते टाळा. युरोपीय संघाने भारतीय पॉलिएस्टर फिल्मवरची शुल्के २००४ मध्ये ब्राझील आणि इस्रायलमधून पाठवलेल्या मालापर्यंत वाढवली होती, आणि भारताच्या नियमांतही तशी तरतूद आहे. तपास सुरू झाल्याच्या तारखेपासून वसुली होऊ शकते. जम्बो रोल, म्हणजे न कापलेला मोठा रोल, आणून इथे स्लिटिंग करणे हा तर वळसाही नाही, कारण जम्बो रोल बहुतेक व्याख्यांत आधीच आत असतो.

आदेशाविरुद्ध अपील सेस्टॅट या सीमाशुल्क अपील न्यायाधिकरणाकडे, ९० दिवसांत. ड्युटी पाच वर्षे चालते. परिस्थिती खरोखर बदलली, उदाहरणार्थ देशी उद्योगाने एखादी ग्रेड बनवणे बंद केले, तर मध्यावधी पुनरावलोकन मागता येते. त्यासाठी तारखेनिशी नकाराचे कागद लागतात, तेच जे वगळणुकीला लागले असते. नवा पुरवठादार, ज्याने तपास काळात भारतात माल पाठवलाच नव्हता आणि जो जुन्या निर्यातदारांशी संबंधित नाही, तो स्वतःसाठी वेगळा दर मागू शकतो. पाच वर्षे संपण्याआधी सूर्यास्त पुनरावलोकनाचा अर्ज येतो, आणि तेव्हा प्रश्न बदलतो: ड्युटी काढली तर डंपिंग आणि हानी पुन्हा सुरू होईल का. त्या उत्तरासाठी दर तिमाहीला देशी आणि आयात दर, सौद्याची तारीख, देशी मिलने किती दिवसांत माल दिला आणि किती रोल परत गेले, एवढी एक वही आजपासून ठेवा. चार वर्षांनी हे आकडे कुणाच्याही आठवणीतून निघत नाहीत.

वकील हवा का? व्याप्ती, पीसीएन आणि आर्थिक हित प्रश्नावली तुम्ही आणि तुमचा कॉस्ट अकाउंटंट मिळून करू शकता; तांत्रिक भाग उलट तुम्हीच चांगला लिहाल. मार्जिनच्या आकडेमोडीवर हरकत आणि अपील यांना या कामातला माणूस लागतो. चार-पाच कन्व्हर्टरांनी किंवा संघटनेने मिळून एक नेमला तर खर्च वाटला जातो. पण प्रत्येकाने आपली प्रश्नावली वेगळी भरायची. संघटनेचे एक पत्र आणि मागे शून्य आकडे, अशी बाजू निष्कर्षात दोन ओळींत संपते.